कावळ्याचे बाळ कुठे होते?



गेल्या हिवाळ्यात इथे अश्दोदला दोन दिवस सारखा पाऊस लागला होता. गान बंद, बाग बंद, आणि चार वर्षांची नात आमच्या ताब्यात. दुपारी तिला वरणभात भरवताना आम्ही तेच केले, जे आमच्या आजीने आमच्या बाबतीत केले होते. चिऊ-काऊची गोष्ट काढली. अर्धी मराठीत, अर्धी हिब्रूत. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. शेणाचे घर म्हणजे काय, आणि शहाणा माणूस शेणाचे घर का बांधील, हे समजावण्यातच अर्धा भात थंड झाला. मग मोठा पाऊस आला, कावळ्याचे घर वाहून गेले आणि कावळा भिजत चिमणीच्या दाराशी आला. चिमणी आतून सांगते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, त्याचे अंग पुसते. थांब, अंगडे-टोपडे घालते, काजळ लावते, पाळण्यात निजवते.

एका 'थांब'ला एक घास, असा हिशेब असतो. तो पुष्कळ पिढ्या चालत आला आहे. पण चौथ्या घासाला नातीने तोंड मिटून घेतले आणि विचारले, "आणि कावळ्याचं बाळ कुठे होतं?"

आम्ही म्हणालो, "त्याला बाळ नव्हतं." घास जावा म्हणून म्हणालो. खरे तर साठ वर्षांत हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता.

त्या दिवसापासून ही गोष्ट आमच्या डोक्यातून जात नाही. मुलांच्या गोष्टींत घरच्यांची माया आणि मैत्री असे दोन विषय नेहमीच असतात. बहुतेक पुस्तकांत ते दोन वेगळ्या खोल्यांत राहतात. घरात आई, बाबा, भावंडे, बाहेर मित्र. आईची माया कधी मैत्रीच्या आड येत नाही, आणि मैत्रीपायी घरात कुणाला पदरमोड करावी लागत नाही. चिऊ-काऊच्या गोष्टीत मात्र या दोन गोष्टी समोरासमोर उभ्या राहतात. चिमणी वाईट नाही. ती खोटेही बोलत नाही. बाळाला खरोखरच न्हाऊ घालायचे आहे. ती चांगली आई आहे, आणि चांगली आई असल्यामुळेच तिचे दार बंद आहे. ऐकणारे मूल त्या उबदार घरातल्या बाळाच्या जागी स्वतःला ठेवते, घास गिळते आणि नकळत शिकते की आपल्या माणसांवर प्रेम करणे म्हणजे दाराला कडी घालणे.

आमच्या ओळखीच्या काही तरुण आयांनी ही गोष्ट सांगणे सोडून दिले आहे. त्यांचे म्हणणे असे की गोष्ट निर्दय आहे. काही घरांत तर शेवटी कावळ्याला तापलेल्या तव्यावर बसवतात आणि पोरे हसतात. त्यापेक्षा दुकानात मिळणारी पुस्तके बरी, त्यांत सगळे सगळ्यांना मिठी मारतात. आमचे मत वेगळे आहे. ही गोष्ट टाकू नये. ती खरी आहे म्हणून टाकू नये. माणसे असेच वागतात, आणि आपण बेने इस्राएल लोक त्या दाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहून आलो आहोत. मग आपल्याच मुलांना ते दार दाखवायचे नाही, तर कोणाला?

आधी दाराबाहेरची बाजू पाहू.

आपल्या समाजाच्या उगमाची कथा प्रत्येक घरात सांगितली जाते. गलबत कोकण किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांची प्रेते किनाऱ्याला लागली, ती अलिबागजवळ नवगावला पुरली. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आणि १९३७ साली तेल अवीवला छापून निघालेला समाजाचा इतिहास आजही कपाटात असतो. त्यातही ही कथा आहे. आपण ती अभिमानाने सांगतो, पण सांगताना एक गोष्ट बोलायची राहून जाते. घर पाण्यात गेले, अंगावर ओले कपडे, हातात काही नाही, भाषा येत नाही, आणि समोर परक्याचे दार. या कथेत आपण कोण आहोत? आपण कावळा आहोत.

आणि कोकणातल्या त्या गावांत कोणीतरी दार उघडले असणार, नाहीतर हे वाचायला आज आपण नसतो. दार उघडणाऱ्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. पण आपली आडनावे त्या गावांचीच आहेत. पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, अष्टमकर, केहिमकर. आपल्या पूर्वजांनी तिथे तेलाचे घाणे चालवले. शब्बाथला घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. एवढे करून गाव थांबले. शनिवारी घाणा का फिरत नाही म्हणून कोणी हाकलून दिले नाही.

दुसऱ्यांदा आपण दाराबाहेर उभे राहिलो ते इथे, इस्राएलमध्ये. १९४८नंतर आपली कुटुंबे येऊ लागली. आपण परक्याच्या नव्हे, भावाच्या घरी आलो आहोत असे समजून आली. १९६२ साली रब्बिनेटने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या की बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी समाजाबाहेरच्या यहुद्याशी लग्न करू पाहील, तर तिच्या किंवा त्याच्या आईची, आजीची, आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. म्हणजे आतून आवाज आला की थांब, आधी तुझी आजी कोण ते पाहू दे. तेव्हाही कारण मायेचेच दिले जात होते. घराण्याची शुद्धी राखायची आहे, असे. आपले लोक गप्प बसले नाहीत. सभा झाल्या, मोर्चे निघाले, जेरुसलेमला धरणे धरले गेले. १९६४च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव करून सांगितले की बेने इस्राएल सर्व दृष्टींनी यहुदी आहेत आणि त्यांचे हक्क इतरांइतकेच आहेत. आज चाळिशीत असलेल्या आपल्या मुलांना ही हकिकत पुसट ठाऊक असते, नातवंडांना मुळीच नाही.

येथवर लिहिणे सोपे होते. आपल्यावर झालेला अन्याय सांगताना लेखणी अडत नाही. आता दाराची आतली बाजू.

आपल्या समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. गोरे म्हणवणाऱ्या घरांतून काळे म्हटल्या गेलेल्या घरांशी लग्नसंबंध होत नसत. एकच तेफिला, एकच शब्बाथ, एकच नवगाव, आणि तरी दार बंद. ज्यांना समुद्राने एकदा ओले केले होते, त्यांनीच दुसऱ्याला पावसात उभे केले. आपल्या समाजाच्या कथा सांगताना हे पान आपण पटकन उलटतो.

आणि घरची गोष्ट सांगायची तर आमच्या एका आत्याने समाजाबाहेर लग्न केले. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. लग्न पसंत पडणे न पडणे हा आजोबांचा प्रश्न होता, त्यावर आज बोलायचे नाही. पण आत्या त्यानंतर भेटायला आली, तेव्हा आजोबा म्हणाले, आधी धाकट्या दोघींची लग्ने होऊ देत, मग पाहू. धाकट्या दोघींची लग्ने झाली. मग आजीचे आजारपण आले, ते होऊ दे म्हणाले. मग घराची वाटणी आली. आत्या दोन स्टेशने पलीकडे राहत होती. तिच्या मुलांना आम्ही पहिल्यांदा पाहिले ते आजोबांच्या मयतीला. ती जिन्यात उभी होती. थोरल्याला मिसरूड फुटले होते.

त्याच वर्षांत, त्याच घरात, आमची आजी आम्हाला चिऊ-काऊची गोष्ट सांगत भरवत होती. तिने चिमणीच्या प्रत्येक 'थांब'ला वेगळा आवाज काढायचा आणि आम्ही हसायचे. आजोबांच्या आणि चिमणीच्या बोलण्यात काही साम्य आहे, हे त्या घरात कोणाला सुचले असेल का? आजीला सुचले असेल, असे आता वाटते. ती ती गोष्ट फार वेळा सांगायची.

म्हणून आमचे म्हणणे असे की मुलांना चिमणीची गोष्ट सांगावी, पण तिथे थांबू नये. तिच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट सांगावी. ती बाहेरून आणायला नको. ती आपल्या एलियाहू हन्नाबीची आहे.

मलिद्याचे ताट मांडून ज्याचे नाव आपण घेतो, अलिबागजवळच्या खंडाळ्याला ज्याच्या रथाची खूण आपण मुलांना दाखवतो, त्या एलियाहूची गोष्ट मुलांना बहुधा रथापासून सांगितली जाते. आग, घोडे, आकाश. मुलांना ते आवडते. पण राजांच्या पहिल्या पुस्तकातल्या सतराव्या अध्यायात ती सुरू होते तिथे रथ नाही, दुष्काळ आहे. एलियाहू करीथ ओहळापाशी लपून राहिला आहे, आणि सकाळ-संध्याकाळ त्याला भाकरी आणि मांस आणून देतात ते कोण? कावळे. चिऊ-काऊच्या गोष्टीत ज्याला दारात उभे केले, तोच इथे उपाशी माणसाला भरवतो.

मग ओहळ आटतो. एलियाहूला सीदोनच्या मुलखात सारफथ गावी जायला सांगितले जाते. वेशीपाशी एक विधवा काटक्या वेचत असते. परक्या मुलखातली, परक्या धर्मातली. तो पाणी मागतो, मग भाकरीचा तुकडा मागतो. ती म्हणते की मडक्यात मूठभर पीठ आहे आणि कुपीत थोडे तेल. ते भाजून मी आणि माझा मुलगा खाऊ, आणि मग मरायचेच आहे. एलियाहू म्हणतो, भिऊ नकोस, पण आधी मला लहानशी भाकर करून आण, मग तुला आणि तुझ्या मुलाला कर.

आता चिमणी आठवा. इथेही आई आहे, इथेही बाळ आहे, इथेही बाहेर कोणीतरी उभे आहे, आणि बाळाचे काम चिमणीपेक्षा कितीतरी निकडीचे आहे. तरी ही बाई आधी बाहेरच्याला वाढते. पुढे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. पीठ सरले नाही, तेल आटले नाही. ती, तो आणि तिचे घर पुष्कळ दिवस जेवले. तेल्यांच्या समाजाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये. आणि अध्याय तिथेही संपत नाही. तो मुलगा आजारी पडतो, त्याचा श्वास थांबतो, आणि ज्याला तिने घरात घेतले होते तोच पाहुणा त्याला उचलून आपल्या माडीवरच्या खोलीत नेतो आणि जिवंत करून आईच्या हाती देतो. दार उघडले म्हणून बाळ वाचले.

यावर एक आक्षेप आमच्या सुनेने घेतला, आणि तो रास्त आहे. ती म्हणाली, गरीब बाईला 'आधी मला दे' असे सांगणारा पाहुणा मुलांना कसा समजवायचा? आणि आजकाल आम्ही मुलांना शिकवतो की ओळख नसलेल्याला दार उघडू नका. ते चूक आहे का?

चूक नाही. दार उघडायचे की नाही हे मोठ्यांनी ठरवायचे असते, लहान मुलांनी नव्हे. दोन्ही गोष्टींत दाराशी आईच आहे. आणि कावळा परका नाही. तो शेजारी आहे, रोजचा आहे. राहिली 'आधी मला' ही गोष्ट. एलियाहूने ते मागितले तेव्हा पीठ आणि तेल सरणार नाही असा शब्दही दिला होता, हे मुलांना सांगायला विसरू नये. कोणा आईने स्वतःचे मूल उपाशी ठेवावे, असे ही गोष्ट सांगत नाही. तिच्या शेवटी तिघेही जेवलेले आहेत.

आम्ही सुनेशी हे बोलत असताना नात चित्र रंगवत होती. तिने मान वर न करताच सांगितले, "कावळा आत बसून थांबला असता ना." खरेच की. चिमणीला बाळाची आंघोळ अर्धी टाकायची गरज नव्हती. कडी काढून 'आत ये, बस, आलेच' म्हणायला किती वेळ लागतो? पंचा धरायला कावळ्याची मदतच झाली असती. आमच्या आजोबांनाही आत्याला आत बसवून, चहा देऊन, मग काय ते 'पाहू' म्हणता आले असते.

इथे वाढणाऱ्या मुलांना आणखी एक गोष्ट माहीत असते. लेआ गोल्डबर्गची 'दिरा लेहास्कीर'. पाच मजल्यांची इमारत, खाली कोंबडी, मग कोकिळा, मग काळी मांजर, मग खार. वरची उंदराची जागा रिकामी झाली आहे. पाहायला येणारा प्रत्येक जण खोल्या पसंत करतो आणि शेजाऱ्यांना नावे ठेवतो. मुंगीला कोंबडी आळशी वाटते. सशीणीला कोकिळा वाईट आई वाटते. डुकराला मांजर काळी म्हणून चालत नाही, आणि त्याला मात्र सगळे शेजारी मिळून वाटेला लावतात. शेवटी कबुतर येते. त्याला खोल्या तेवढ्या आवडत नाहीत, शेजारी आवडतात, आणि ते राहते. नात हे पुस्तक पाठ म्हणते. तिला आम्ही सांगितले की आपल्यातही एके काळी काळे-गोरे होते. ती म्हणाली, "डुकरासारखे?" आम्ही हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

मराठीतही असे दार उघडणारी आई आहे, तीही आपल्या कोकणातली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तीत एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी कोणी उचलून देत नाही, तेव्हा आई श्यामला पाठवते की जा, तिला हात दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. आंघोळ त्या माउलीलाही सुटली नव्हती. तिच्या काळाने तेवढी मुभा दिली नव्हती. पण तिने आंघोळ नंतर ठेवली. चिमणीने ती आधी ठेवली होती. या दोन आयांमधला फरक मुलांना दाखवायला एवढे पुरे आहे.

आपल्या वाडवडिलांना हे कसब चांगले येत होते. १८८०च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी पवित्र शास्त्रातल्या कथा मराठी कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. शेजारच्या देवळातला साज घेतला, आपल्या पूर्वजांची चरित्रे त्यात बसवली. दाराच्या पलीकडचे काही आत घेतल्याने आपले काही गेले नाही. उलट ज्यांना हिब्रू येत नव्हते, त्या आया-मुलांना आपल्याच कथा पहिल्यांदा आपल्या भाषेत ऐकायला मिळाल्या.

तेव्हा वाचकांना, लंडन, न्यू यॉर्क, रामला, दिमोना, जिथे असाल तिथे, आमचे एवढेच सांगणे आहे. पुढच्या मलिद्याला, ताटातल्या पोह्यांकडे पाहत मुले चुळबुळ करू लागली की त्यांना रथाच्या आधीची गोष्ट सांगा. कावळ्यांची, विधवेची, तेलाच्या कुपीची. भात भरवताना चिऊ-काऊ सांगाल तर शेवटी विचारा, तू चिमणी असतास तर काय केले असतेस? आणि मग नवगावची गोष्ट सांगताना विचारा, या गोष्टीत आपण कोण? उत्तर तुम्ही देऊ नका. मुलांना देऊ द्या.

आमच्या नातीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आठवड्याने बदलले. तिला सांगितले की कावळ्याला बाळे होती, ती त्याच्याबरोबर जिन्यात उभी होती. त्या रात्री आम्ही मुंबईला आत्याच्या मुलीला फोन लावला. आत्या जाऊन बरीच वर्षे झाली. तिच्या मुलीशी आम्ही शेवटचे कधी बोललो ते दोघांनाही आठवेना. बोलणे पावसापाण्याचे झाले, गुडघ्यांचे झाले. मग तिने आपल्या नातवाला फोनवर घेतले. तो पाच वर्षांचा आहे. आमची नात त्याला हिब्रूत काहीतरी सांगत होती, तो तिला मराठीत काहीतरी विचारत होता, आणि दोघेही फोन सोडायला तयार नव्हते.

तुमच्या घरी या गोष्टीत कावळ्याचे पुढे काय होई? तवा होता, की चिमणी वेळेवर दार उघडी? आम्हाला जरूर कळवा.